पिठातलं लोह

थोरल्या बाईंनी बसण्याआधी खुर्ची पुसून घेतली आणि मग म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्हाला शोध लावायला नको."

"बरं झालं," टाचणी म्हणाली. "एक काम वाचलं."

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे टोचून टोचून फोडले, तेव्हा ते चिकटलं. बाई अंगाने तशीच बारीक आणि बोलायलाही तशीच. नोकरी सोडून तिने खासगी तपासाचं काम सुरू केलं. शेजारच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर तिच्या सोबतीला आला. तीस वर्षं पुड्या बांधलेला माणूस. मनाने भला, हाताने नेटका, पण विचार त्याच्याकडे चालत यायचे आणि वाटेत बसायचेही.

त्याला एक दुखणं होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. टाचणीचं कुणी कौतुक केलं की त्याच्या पोटात बारीक कळ यायची. आताही थोरल्या बाईंनी आल्यापासून त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्याने मनात टिपून ठेवलं होतं.

"आमची पिठाची गिरणी आहे," थोरल्या बाई सांगू लागल्या. "मालक गेले तेव्हापासून मीच बघते. चाळीस शाळांच्या स्वयंपाकघरांत आमचं पीठ जातं. दोन वर्षांपूर्वी धाकटीने टूम काढली. तिचं शिक्षण त्यातलं. म्हणाली, मुलं पोटभर जेवतात पण अंगात रक्त नाही. पिठात लोहाची आणि जीवनसत्त्वांची पावडर मिसळू. मी म्हटलं, मिसळ बाई. वर्षात मुलं तरतरीत झाली, शाळेच्या नर्सबाई तिला डोक्यावर घेऊन नाचल्या, पेपरात फोटो आला. गिरणी माझी, फोटो तिचा!"

"आणि आता?"

"आता गेले अडीच महिने मुलं पुन्हा फिकट पडायला लागलीत. वर्गात झोपतात म्हणे. नर्सबाईंनी पिशव्यांतलं पीठ बाहेर तपासायला पाठवलं. हा घ्या कागद. लोह नाही."

टाचणीने कागद वाचला आणि कंपाउंडरकडे सरकवला. त्यानेही वाचला. फॉलिक अ‍ॅसिड पुरेसं, बी-बारा पुरेसं, लोह नाममात्र.

"लोह नाही," कंपाउंडर म्हणाला.

"ते मी आत्ताच सांगितलं," थोरल्या बाई म्हणाल्या. "पावडरीच्या कपाटाची किल्ली एकट्या धाकटीकडे असते. उद्या अकरा वाजता पाहणी समिती येतेय. त्यांचं ठरल्यासारखंच आहे. धाकटीने पावडर बाहेर विकली, तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, आणि शाळांचं हे पीठच बंद."

"मग तुमच्या मनासारखंच होतंय की."

"उद्या सगळी गल्ली म्हणेल, थोरलीने काटा काढला. ते मला नकोय." त्या थांबल्या. हातातल्या पर्सची चेन त्यांनी दोनदा उघडली, दोनदा लावली. "आणि दुसरं असं की ती चोर नाही. चोर असती तर मला तिचा एवढा हेवा वाटला नसता."

टाचणी उठली. "कंपाउंडर, छत्री घ्या. ऊन आहे."

छत्री घ्यायला तेवढा मी, कंपाउंडरच्या मनात आलं.

*

गिरणी दुमजली होती. वरच्या मजल्यावर दळण, खालच्या खोलीत पिशव्या भरणं. जिन्याच्या कठड्यापासून दिव्याच्या दोरीपर्यंत सगळ्यावर पिठाचा पातळ थर होता. वर उभी असलेली धाकटीही त्यातून सुटली नव्हती. पस्तिशीची बाई, पण भुवया म्हातारीच्या.

"तुम्ही थोरल्या ताईंनी आणलेल्या ना?" यंत्राच्या आवाजावर आवाज चढवत ती म्हणाली. "मला पकडायला की सोडवायला?"

"ते तुमच्या यंत्रावर अवलंबून आहे. दाखवा."

धाकटीने दाखवलं. दळलेलं पीठ एका नळीतून येतं. त्या नळीवर पावडरीचा छोटा डबा बसवलेला आहे. त्यातून ठरलेल्या मापाने पावडर पिठात पडते. पुढे मळसूत्र फिरत असतं, ते दोन्ही एकजीव करतं. मग शेवटची चाळण, आणि चाळणीखालून पीठ पन्हळीवाटे खालच्या खोलीत पिशवीत उतरतं.

टाचणीने चाळणीच्या जाळीवर बोट टेकवलं. "यातून मीठ जाईल?"

"बारीक असेल तर. साखर नाही जायची."

कपाटातले डबे शिस्तीत होते. भरलेले सीलबंद, रिकामे वेगळ्या फळीवर, एकही कमी नाही. धाकटीने चाळणीखालून मूठभर पीठ काढलं, काचेवर थापून सपाट केलं आणि त्यावर बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडले. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या पिठावर लाल ठिपके उमटले. गोवर उठावा तसे.

"हे लोह," ती म्हणाली. "दिवसातून तीनदा बघते, इथूनच. एकही दिवस ठिपके कमी आले नाहीत. आणि तिकडे म्हणतात लोह नाही! आता समितीवाले म्हणतात, मी नमुन्याचं पीठ वेगळं ठेवते आणि त्यालाच पावडर लावते."

"खालच्या पिशवीतून नमुना घेऊन का नाही बघत?"

धाकटीने औषधाच्या बाटलीला बूच लावलं. "खाली ह्यांचं राज्य. एकदा गेले होते, तर म्हणाले, तू वरचं बघ, मी खालचं बघतो, एकमेकांच्या कामात लुडबुड नको. मीही म्हटलं, बरं. घर एक, गिरणी एक, उगीच कटकट कशाला? आणि चाळणीखालून पिशवीत जायला पिठाला लागतात दोन सेकंद. दोन सेकंदांत काय बिघडणार?"

"बरोबर आहे," कंपाउंडर म्हणाला.

टाचणीने वाकून पन्हळीच्या तोंडात डोकावून पाहिलं.

चहाला धाकटीने त्यांना गिरणीमागच्या आपल्या घरात नेलं. स्वयंपाकघर लहान पण लखलखीत. खिडकीबाहेर निळ्या नायलॉनच्या दोरीवर कपडे वाळत होते, त्यांत पुरुषाचे सहा-सात रुमाल. प्रत्येकावर तांबूस डाग.

"गंजक्या तारेवर वाळत घालू नये," कंपाउंडर जाणत्या आवाजात म्हणाला.

"कशाने पडतात देव जाणे. लिंबू चोळून बोटं झिजली माझी. पूर्वी नव्हते पडत."

टाचणी फ्रिजसमोर उभी होती. दारावर किराण्याची यादी एका माशाच्या आकाराच्या चुंबकाने अडकवलेली. माशाच्या कडेने बारीक काळी लव उगवलेली दिसत होती.

"तुमच्या माशाला दाढी आलीय."

धाकटी लाजली. "पहिला डबा उघडला त्या दिवशीची आमच्या दोघांची गंमत. तेव्हा हे खूप हसले होते." चहा गाळताना तिचा हात थांबला. "हल्ली नाही हसत."

"कधीपासून?"

"मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आल्यापासून असेल. दोन वर्षांसाठी बोलावलंय मला. दुसऱ्या गिरण्यांना हे काम शिकवायला. तीन महिने होऊन गेले पत्राला. त्यानंतर लगेच माझे वडील आजारी पडले, आठवडाभर माहेरी होते. परत आले तर घरात सगळं तसंच, पण बोलणं मोजकं."

"जाणार तुम्ही?"

"कुणी विचारलं तर ठरवीन ना," धाकटी म्हणाली आणि कप पुढे केला.

*

मिस्त्री वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात पट्टा शिवत बसले होते. सत्तरीला टेकलेले, कानाने थोडे कमी, पण यंत्राचा आवाज बदलला तर झोपेतून उठतील असे.

"पावडर?" ते म्हणाले. "मला विचाराल तर दाणा दळावा आणि पीठ द्यावं. पिठात औषध घालायचं म्हणजे पीठ आजारी आहे का? मी तीस वर्षं दगडावर दळलं. तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही. ही आली, डबा लावला, वर्षात मोठी झाली."

"हेवा वाटतो?"

"वाटणार नाही तर काय! मी काय संत आहे?" म्हातारा खळखळून हसला. "पण पोरगी यंत्राला नीट हात लावते. तेलाचं बोट पुसल्याशिवाय दुसरीकडे टेकवत नाही. त्यामुळे मनातलं मनात ठेवतो."

त्यांच्या मागच्या फळीवर अंगठ्याएवढा जाड एक बोल्ट ठेवला होता.

"हा कुठला?"

मिस्त्रींचं हसू मावळलं. "तो माझ्या अपमानाचा आहे. तीन महिने होत आले, एका शाळेत पिठाच्या पिशवीत सापडला. फोन आला, आरडाओरडा झाला. मी सांगत होतो, माझ्या कुठल्याही यंत्राला असला बोल्ट नाही. मोजून घ्या! पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतो? शेवटी धाकटे मालक मदतीला धावले. म्हणाले, मिस्त्री, तुमची इज्जत राखू, पिशवीच्या तोंडाशी चुंबक बसवू, म्हणजे पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही. स्वतः चुंबक आणून दिलं. थोरल्या बाईंनी होकार दिला, मी पन्हळीच्या टोकाला बसवलं."

"धाकट्या बाईंना दाखवलं?"

"त्या तेव्हा माहेरी होत्या. आल्यावर कशाला सांगायचं? मला काय हौस आहे, बोल्ट सापडला म्हणून गाजावाजा करायची? आणि खालचं सगळं धाकटे मालकच बघतात. दिवसातून चारदा स्वतः पुसतात ते चुंबक. जन्मात ज्याने केरसुणी धरली नाही तो माणूस! सुधारला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर का होईना."

जिना उतरताना कंपाउंडर कुजबुजला, "मिस्त्रीच. हेवा कबूल केला. वर सारखा असतो. डब्यातली पावडर काढून साधं पीठ भरलं असणार."

"मग फॉलिक अ‍ॅसिड कुठून आलं?" टाचणीने विचारलं.

कंपाउंडर दोन पायऱ्या गप्प उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याला वाईट वाटायला लागलं.

*

धाकटा मालक खालच्या खोलीत पिशव्यांची तोंडं शिवत होता. देखणा, नीटनेटका, बोलायला गोड. छताकडून पन्हळ उतरत होती. तिच्या टोकाला कापडाची बाही, तिच्याखाली पिशवी. बाही जिथे पन्हळीला बांधली होती तिथे पत्र्याची एक चपटी पेटी होती, खणासारखी ओढायला मूठ असलेली.

"या, या," तो म्हणाला. "तुम्हीच त्या! तुमचं नाव फार ऐकलंय."

कंपाउंडरच्या पोटात कळ आली.

भिंतीवर पेपरातला तो फोटो चौकटीत लावला होता. मधोमध धाकटी, हातात पिठाची पिशवी, भोवती शाळेची पोरं, बाजूला नर्सबाई. डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर.

"हे कोपर कुणाचं?" टाचणीने विचारलं.

"माझं," तो हसून म्हणाला. "पिशवी मीच आणून दिली होती. फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा बाजूला. आता लोक विचारतात, बाईंचे मिस्टर तुम्हीच ना? दुकानात, सलूनमध्ये, सगळीकडे. मजा वाटते."

"वाटतेच," टाचणी म्हणाली. "पावडर कोण चोरत असेल?"

"चोरी कसली? मी समितीलाही तेच सांगणार आहे. ती चोर नाही. तिचं माप चुकत असेल. हुशार माणसाचंही चुकतं कधीकधी. फार डोक्यावर घेतलं की होतं असं. तिने थोडे दिवस घरी राहून विश्रांती घ्यावी, एवढंच माझं म्हणणं."

"चांगलं म्हणणं आहे. एक मदत कराल? मला चाळीस शाळांची यादी हवी. कुठल्या शाळेला कुठल्या दिवशी किती पिशव्या गेल्या, गेल्या तीन महिन्यांची. तुम्ही सांगा, कंपाउंडर लिहून घेतील. वरच्या कचेरीत दार लावून बसा, इथे आवाज फार."

"आत्ता? पण इथलं..."

"पिशव्या मी भरते. विमा कंपनीत असताना तेवढंच करत होते."

धाकट्या मालकाचा हात रुमालाकडे गेला, नजर पन्हळीकडे. पण नाही म्हणायला कारण सापडेना. कंपाउंडर वही घेऊन पुढे झाला. पुढचे दोन तास तो शाळांची नावं लिहीत होता. समोरचा माणूस तीनदा उठला. एकदा पाणी प्यायला, एकदा पिशव्या बघायला, एकदा नुसताच. तिन्ही वेळा कंपाउंडरने त्याला बसवलं, कारण टाचणीने तसं बजावलं होतं. खुनाच्या तपासातही ही बाई मला याद्याच लिहायला लावील, तो मनात म्हणत होता.

*

पाच वाजता यंत्र थांबलं. अचानक आलेल्या शांततेत सगळे कचेरीत जमले. थोरल्या बाई टेबलामागे, धाकटी दाराशी उभी, मिस्त्री स्टुलावर, धाकटा मालक खिडकीजवळ. टाचणीने काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं.

"उद्याची वाट बघायला नको," ती म्हणाली. "पावडर कुणी चोरली नाही."

"मग लोह गेलं कुठे?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"तुम्ही आणलेल्या कागदातच अर्धं उत्तर होतं. पावडरीत लोह असतं तसं फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी-बारा असतं. सगळं एकाच डब्यात कालवलेलं. डबा विकला असता, माप चुकलं असतं, तर पिठातून तिन्ही कमी झाली असती. पण दोन पुरेपूर आहेत आणि एकच गायब आहे. म्हणजे पावडर रोज पडत होती. पडल्यावर तिच्यातलं तेवढं लोहच कुणीतरी वेचून घेत होतं."

"पिठातून लोह वेचणार?" कंपाउंडर म्हणाला. "तांदळातून खडे वेचावेत तसं?"

"त्याहून सोपं. पुढे ऐका. चाळणीखालच्या पिठावर लाल ठिपके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तिथवर लोह आहे. पिशवीत पोचेपर्यंत नाही. मध्ये काय आहे? एक पन्हळ आणि तिच्या टोकाला एक पेटी."

तिने कागद उलगडला. आत चपटी पट्टी होती, हातभर लांबीची. तिच्यावर राखाडी-काळी लव दाट उभी होती, मांजर फिस्कारल्यावर केस उभे राहावेत तशी.

"हे दोन तासांचं आहे. आज पुसायला कुणी नव्हतं."

मिस्त्री स्टुलावरून उठले. चष्मा वर करून त्यांनी पट्टी पाहिली. "त्या पावडरीत खरंखुरं लोखंड असतं?" त्यांनी पट्टीला बोट लावून पाहिलं. "मला वाटलं औषध आहे. गोळ्यांसारखं. देवा, मी माझ्या हाताने बसवलं हे."

धाकटीने पट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिचा रंग उतरला.

"मिस्त्री, तुमच्या हाताने बसलं, तुमच्या डोक्याने नाही," टाचणी म्हणाली. "तुम्हाला चुंबक बसवायला लावलं ते एका बोल्टने. अंगठ्याएवढा बोल्ट. पण पिशवीत जाणारं सगळं पीठ शेवटच्या चाळणीतून येतं, आणि तिच्यातून साखरेचा दाणा जात नाही. मग बोल्ट कसा गेला? गेलाच नाही. चाळणीनंतर, पिशवीचं तोंड शिवण्याआधी कुणीतरी तो आत टाकला. तोंडं कोण शिवतं?"

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या.

"बोल्ट टाकला तो चुंबकासाठी. पण ज्याला ठाऊक आहे की पावडरीतलं लोह चुंबकाला चिकटतं, त्यालाच हे सुचेल. मिस्त्रींना ते माहीत नव्हतं, तुम्ही पाहिलंत. थोरल्या बाईंना?"

"मला पावडर पिवळी की काळी हे सुद्धा माहीत नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "तिचं कौतुक ऐकावं लागू नये म्हणून मी वर जातच नाही."

"हे माहीत होतं दोघांना. पहिल्या डब्यात कुणीतरी गमतीने फ्रिजवरचा मासा फिरवला होता, आणि दुसरं माणूस हसलं होतं. त्यातलं एक माणूस, बोल्ट सापडला त्या आठवड्यात, माहेरी होतं आणि खालच्या खोलीत त्याला मज्जाव होता. उरलं दुसरं. ज्याने कधी केरसुणी धरली नाही ते दिवसातून चारदा चुंबक पुसायला लागलं, कारण पट्टी भरली की पुढचं लोह निसटून पिठात जातं. पुसलं ते रुमालाने. रुमालात राहिलेला भुगा धुताना भिजला आणि गंजला. कंपाउंडर, तारेला दोष देत होतात ना? दोरी नायलॉनची होती."

कंपाउंडरला ती निळी दोरी आठवली. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

धाकटा मालक खिडकीबाहेर बघत होता. बोलायला लागला तेव्हा आवाजातला सगळा गोडवा गळून पडला होता.

"मी काय चोरलं? घरात एक कण ठेवला नाही. मोरीत झटकायचो. मला एवढंच हवं होतं की ते बंद पडावं. लोह निघालं नाही की लोक म्हणतील, जमलं नाही हिला. मग ते पत्र, ते बोलावणं, सगळं विरेल. चोरीचा आळ येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं." तो वळला. "तुम्हाला काय कळणार! पिशव्या मी उचलायच्या, पहाटे गाडी मी भरायची, शाळेच्या दारात मी उभा राहायचं, आणि पोरं विचारणार, बाई नाही आल्या? रोज! प्रत्येक दारात! आणि आता ती निघून जाणार. मी इथे बसून लोकांना तिचा पत्ता सांगायचा?"

थोरल्या बाईंनी मान खाली घातली. मिस्त्रींनीही. त्या खोलीत त्याचं बोलणं न कळणारं कुणीच नव्हतं, आणि कंपाउंडरला तर ते नको तेवढं कळलं.

"माझा राग येत होता," धाकटी सावकाश म्हणाली, "तर माझ्याशी भांडायचं होतंत. माझ्या ताटातलं काढून घ्यायचं होतंत. पोरांच्या ताटातलं का काढलंत?"

"आता ऐका," थोरल्या बाईंनी टेबलावर हात ठेवला. घर चालवणाऱ्या बाईचा आवाज परत आला होता. "झालं ते झालं. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यात अर्थ नाही. उद्या सांगू, चुंबक चुकीच्या जागी बसलं. नजरचुकीने. धाकटीवरचा आळ जाईल, भाऊजीही सुटतील."

"घाला माझ्यावर," मिस्त्री म्हणाले. "बसवलं मीच. म्हाताऱ्याला कोण काय करणार?"

धाकटीने मान हलवली. "नाही ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर काल मीच संन्यासी होते, आज मिस्त्री. मला खोटी सुटका नको."

"मग तू सांगणार? स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध?"

"मी सांगते," टाचणी म्हणाली. "माझं कामच ते."

"नको." हा आवाज खिडकीजवळून आला. "मी सांगतो. बोल्टासकट." धाकट्या मालकाने कपाळ पुसायला खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच परत ठेवला. मग बायकोकडे न बघता त्याने विचारलं, "तू जाणार आहेस?"

"काल विचारलं असतंत," धाकटी म्हणाली, "तर नाही म्हणाले असते."

मिस्त्री उठून पेटी उतरवायला पाना घेऊन खाली गेले. धाकटीने टेबलावरचा कागद आणि पेन्सिल पुढे ओढली आणि आधी टाचणीकडे वळली, मग थांबली. तिची नजर कंपाउंडरवर आली.

"तुम्ही दवाखान्यात होतात ना? मला एक सांगा. अडीच महिने लोह मिळालं नाही. ज्या पोरांचं रक्त उतरलंय त्यांचं भरून यायला किती दिवस लागतील?"

प्रश्न आपल्याला विचारला, टाचणीला नाही, याचा कंपाउंडरला आनंद झाला. चांगला, उकळी फुटावी तसा झाला. आणि दुसऱ्या क्षणी त्याला त्या आनंदाची अशी लाज वाटली की खिडकीजवळच्या माणसाकडे बघवेना.

"नुसत्या पिठावर ठेवलं तर वर्ष जाईल," तो म्हणाला. "पीठ घसरण थांबवतं, खड्डा भरत नाही. ज्यांचं फार उतरलंय त्यांना दवाखान्यातून गोळ्या द्याव्या लागतील. तीन महिने, रोज, डॉक्टर सांगतील त्या मापाने. काहींचं पोट दुखेल, काही थुंकून टाकतील. कुणीतरी समोर बसून द्यायला हव्यात."

"चाळीस शाळा," धाकटी म्हणाली.

"तुमची यादी माझ्याकडे आहे. दोन तास बसून लिहिलीय. कुठे किती गेलं, सगळं."

तिने हात पुढे केला. कंपाउंडरने वही दिली. धाकटीने पहिल्या शाळेच्या नावासमोर रेघ मारली आणि नर्सबाईंना फोन लावला.